शेवटचा मजला, बोरिवली : थंडी, धूळ आणि अवकाळी पाऊस यांसाठी घराची तयारी

गच्चीखाली

बोरिवली पूर्वेला, राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला सात मजली इमारतीत शेवटच्या मजल्यावर टू बीएचके आहे. इमारत ३२ वर्षांची. हॉल आणि एक बेडरूम पश्चिमेला, दुसरी बेडरूम आणि स्वयंपाकघर पूर्वेला. खिडक्या ॲल्युमिनियमच्या सरकत्या, बाहेर बॉक्स ग्रिल. सासूबाईंना दमा आहे, घरात चार वर्षांचा मुलगा आहे.

हिवाळ्यात इथे पहाटे चांगलाच गारठा, दुपारी ऊन, मध्येच धुळीचे दिवस आणि हल्ली नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊसही. नेमकं विचारायचंय ते असं : पावसाळ्यात ग्रिलवर बांधलेलं प्लास्टिक आता काढावं की ठेवावं? पूर्वेच्या बेडरूममध्ये खिडकीखाली ओल दिसते आणि छताला एका कोपऱ्यात पोपडे आलेत. रंगकाम डिसेंबरात उरकावं का? १५ लिटरचा जुना विजेचा गिझर आहे, घरात गॅस गिझर घेण्याचं चाललंय, तोही बाथरूममध्येच. आणि दम्यासाठी सकाळी खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद?

---

पूर्वेचा_वारा

ताई, आधी पूर्वेच्या खिडक्यांकडे वळा. जून ते सप्टेंबर मुंबईत वारा नैर्ऋत्येचा आणि पश्चिमेचा. त्यामुळे पश्चिमेच्या खिडक्यांची दरवर्षी डागडुजी होते आणि पूर्वेच्या तशाच राहतात. हिवाळ्यातला पाऊस दुसऱ्या वाटेने येतो. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र किंवा चक्रीवादळ आपल्या नैर्ऋत्येला असलं की त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणजे मुंबईवर ते पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून येतात. मग चार महिने कोरडी राहिलेली खिडकी तासाभरात आत पाणी घेते. असा पाऊस अगदी दुर्मीळही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी वादळामुळे शाळांना सुट्टी द्यावी लागली होती आणि १ डिसेंबर २०२१ ला दिवसभर पाऊस होता. तुमची ओल पूर्वेच्या खिडकीखाली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक पाणी अडवण्यासाठी नसतो. पाणी ट्रॅकमध्ये येणार हे गृहीत धरूनच तो बनवतात आणि बाहेरच्या बाजूला पाणी निघून जायला लहान लांबट भोकं ठेवतात. ही भोकं धूळ, कबुतरांची पिसं आणि जुन्या रंगकामातल्या पुट्टीने बुजतात. ट्रॅक भरतो आणि आतल्या कडेवरून पाणी भिंतीवर उतरतं. तपासायची रीत सोपी : शटर बाजूला सरकवून ट्रॅकमध्ये एक मग पाणी ओता. मिनिटभरात सगळं बाहेर गेलं पाहिजे. साचून राहिलं तर आधी कोरड्या ब्रशने धूळ काढा (ओली केलीत की चिखल होऊन आणखी आत बसते), मग दोन मिलिमीटर जाडीच्या तारेने भोकं मोकळी करा आणि पुन्हा पाणी ओतून बघा. बाहेर खाली कोणी चालत नाही ना, ते बघून घ्या.

पुढचा भाग वूल पाइलचा, म्हणजे शटरच्या कडेला असलेली ती केसाळ पट्टी. पाच-सात वर्षांत ती झिजून चपटी होते आणि तिथून धूळ, वारा, पाणी सगळंच येतं. मीटरवर मिळते. दुकानात जाताना जुन्या पट्टीचा तुकडा न्याच, कारण पट्टीची रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळावी लागतात. उंची दोन मिलिमीटर जास्त झाली तर शटर ओढायला हात दुखतो, कमी झाली तर बदलून उपयोग नाही. शटर एका बाजूला कललेलं दिसत असेल तर खालच्या कोपऱ्यात रोलरचा स्क्रू असतो. तो फिरवला की शटर दोन-तीन मिलिमीटर वरखाली होतं आणि चौकटीला सरळ टेकतं. बऱ्याचदा नवीन पट्टीची गरजच नसते, फक्त रोलर बसलेला असतो.

प्लास्टिकबद्दल : काढा. उन्हाने चार महिन्यांत ते कडक झालेलं असतं, वाऱ्यात फाटून त्याची लक्तरं पाइपात जातात, शिवाय खोलीची हवा अडते. पण ग्रिलचे हुक आणि नायलॉनची दोरी तशीच राहू द्या, आणि कडेला पितळी कड्या असलेली एक जाड ताडपत्री पूर्वेच्या खिडकीच्या मापाची करून माळ्यावर न ठेवता हाताशी ठेवा. हवामान खात्याचा पिवळा किंवा केशरी इशारा आला की दहा मिनिटांत बांधता येईल, इतकी तयारी पुरे.

---

सांधा

वरचं सगळं बरोबर. त्यात सिलिकॉनची भर घालतो, कारण पुढची चूक तिथेच होते.

खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामधला बाहेरचा सांधा उघडा पडलेला असतो. दुकानात मागितलं की बहुतेक वेळा आंबट वासाचं सिलिकॉन हातात मिळतं. ते काचेला ठीक, पण सिमेंटला नीट चिकटत नाही आणि त्यातल्या आम्लाने ॲल्युमिनियमवर पांढरट डाग पडतात. न्यूट्रल क्युअर (सुकताना आम्ल न सोडणारं) लिहिलेलं, बाहेरच्या वापराचं घ्या. जुनं सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढा, त्याच्यावर नवीन चिकटत नाही. सांधा कोरडा हवा. खोल असेल तर आत फोमची गोल दोरी दाबून वर सहा ते आठ मिलिमीटरचा थर द्या. तळापर्यंत सिलिकॉन भरत बसलात तर पैसेही जातात आणि तिन्ही बाजूंनी चिकटल्यामुळे ते ताण न सोसता फाटतं.

हिशोब : ३०० मिलिलिटरची नळी सहा बाय सहा मिलिमीटरच्या रेषेला साधारण आठ मीटर पुरते. चार बाय पाच फुटांच्या खिडकीचा घेर साडेपाच मीटर. म्हणजे दोन खिडक्यांना दीड नळी, वाया जाणारं धरून दोन.

सिलिकॉनवर रंग बसत नाही. चौकटीभोवतीची भिंत रंगवायची असेल तर रंग बसेल असं ॲक्रिलिक किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट घ्या. आणि कारागिराला आधीच बजावा की ट्रॅकची भोकं बुजवायची नाहीत. "इथूनच पाणी येतं" म्हणून ती हौसेने बंद केली जातात आणि मग पाणी खरोखरच घरात येतं.

खिडकीवरच्या छज्जाच्या खालच्या बाजूला कडेलगत एक खाच असते, पाण्याची धार तिथे तुटून खाली पडावी म्हणून. ती सिमेंटने भरलेली असेल तर पाणी छज्जाच्या पोटावरून सरपटत थेट चौकटीच्या माथ्यावर येतं. तुमची ओल खिडकीच्या खाली आहे, त्यामुळे ट्रॅक आणि खालची दगडी पाट, म्हणजे चौकटीखालची फरशी, आधी तपासा. पाटेला बाहेरच्या बाजूला उतार हवा. गोटी ठेवून बघा, आत घरंगळली तर कारण सापडलं.

---

ओलावा

रंगकाम डिसेंबरात नको. दोन कारणं. पावसाळ्यानंतर भिंतीच्या पोटात पाणी असतंच, ते बाहेर पडायला कोरड्या हवेचे काही आठवडे लागतात. आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा हंगाम आहे. बाहेरून काम काढलंत आणि प्रायमरवर पाऊस पडला तर सगळं खरवडून पुन्हा करावं लागतं. संक्रांतीनंतर ते फेब्रुवारी अखेरपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. एप्रिल-मेमध्ये भिंत इतकी तापते की रंगाचं पाणी रंग नीट बसायच्या आधीच उडून जातं आणि थर भिंतीला धरत नाही.

डिसेंबर तपासणीसाठी वापरा. जाड प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा ओलीच्या जागी चारी बाजूंनी टेप लावून हवाबंद चिकटवा आणि एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय, रंग लावू नका. खोलीकडच्या बाजूला ओलसरपणा आला तर तो खोलीतल्या दमट हवेचा आहे. असेच तुकडे छताच्या कोपऱ्यातही लावा.

छताचे पोपडे मात्र नुसत्या पुट्टीने झाकू नका. शेवटचा मजला आहे, वर गच्ची. आधी ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. गिलावा काढल्यावर सळई दिसली आणि ती गंजून फुगलेली असली, किंवा तडा बीमच्या खालून सळईच्या रेषेत सरळ जात असला, तर ते रंगाऱ्याचं काम नव्हे. गंजलेली सळई मूळच्यापेक्षा जास्त जागा घेते आणि काँक्रीटला आतून फोडते. वरून भरलेलं मटेरियल मग तुकड्यांनी खाली पडतं. तुमची इमारत ३२ वर्षांची आहे. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीला नोंदणीकृत अभियंत्याकडून संरचना तपासणी करून घ्यावीच लागते. सोसायटीकडे अहवाल मागा. झाला नसेल तर लेखी अर्ज द्या आणि छताचे फोटो जोडा. खाली लहान मूल झोपत असेल तर तो कोपरा तोवर मोकळा ठेवा.

साधे तडे असतात ते बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात त्या रेषेत. पावसाळ्यात भिंत पाणी पिऊन किंचित फुगते, कोरड्या उत्तरेच्या वाऱ्यात आकसते. म्हणून हे तडे डिसेंबर-जानेवारीत सगळ्यात रुंद दिसतात, आणि भरायची वेळही तीच. केसाएवढ्या तड्याला क्रॅकफिल पेस्ट पुरते. तीन मिलिमीटरच्या वर असेल तर व्ही आकारात खाच पाडा, धूळ ब्रशने काढा, पॉलिमर मिसळलेला मसाला भरा आणि सांध्यावर चार-सहा इंच रुंद फायबर जाळी बसवून वर पुट्टी करा. जाळी नसेल तर पुढच्या हिवाळ्यात तडा त्याच रेषेत परत येतो. सिमेंटचा मसाला असेल तर सात दिवस पाणी मारा. हिवाळ्यातली कोरडी हवा उन्हाइतक्याच वेगाने त्यातलं पाणी ओढून घेते, ही गोष्ट कारागीर बहुतेक वेळा विसरतात.

दरवाजे तासायचे असतील तर आत्ता अजिबात नको, आणि पावसाळ्यात तासले असतील तर आता फट दिसेलच. लाकूड जुलैत फुगतं, जानेवारीत आकसतं. खालच्या फटीला रबरी पट्टी लावा, पुढच्या पावसाळ्यात ती काढता येते.

आता गच्ची. सोसायट्या पाइपांच्या जाळ्या मे महिन्यात साफ करतात आणि नवरात्रानंतर तिकडे कोणी फिरकत नाही. दोन महिन्यांत पिंपळाची पानं, पिसं, मंडपाच्या कापडाचे तुकडे जमतात. जानेवारीत त्यात पतंग आणि मांजा येतो. मांजा सगळ्यात वाईट, कारण तो जाळीत गुंतून बाकीचा कचरा धरून ठेवतो. तासाभराच्या पावसात गच्चीवर चार इंच पाणी उभं राहतं आणि तुमच्या छतात शिरतं. दिवाळीनंतर एकदा आणि संक्रांतीनंतर एकदा जाळ्या साफ करायला सेक्रेटरींना सांगा.

कोणी पाणी साठवून गळती तपासायची म्हणालं तर वजनाचा विचार करा. ५० मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो. हजार चौरस फूट गच्चीवर साडेचार टनांहून जास्त होतं. सळई उघडी पडलेल्या स्लॅबवर हे अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये.

---

फेज_न्यूट्रल

गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवू नका. यात "खिडकी उघडी ठेवू" अशी तडजोड नाही.

मिनिटाला सहा लिटरचा गॅस गिझर साधारण १० ते १२ किलोवॅट उष्णता देतो, म्हणजे स्वयंपाकघरातले चार-पाच बर्नर एकदम लावल्यासारखं, आणि तेही दार बंद केलेल्या पाच बाय सहा फुटांच्या खोलीत. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, मळमळतं, पाय गळतात, आणि कळेपर्यंत कडी काढण्याचंही बळ उरत नाही. हिवाळ्यात धोका वाढतो तो याच कारणाने की गारठा आत येऊ नये म्हणून व्हेंटिलेटरच्या काचा लावतात किंवा पुठ्ठा ठोकतात. गिझर घ्यायचाच तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या डक्टमध्ये किंवा युटिलिटी बाल्कनीत, आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत. पाइप गॅस आणि सिलिंडर यांचे नोझल वेगळे असतात. सिलिंडर काढून पाइप गॅस घेतला असेल तर कंपनीच्या माणसाकडून नोझल बदलून घ्या. ज्योत निळी हवी. पिवळी, हलती ज्योत दिसली तर वापर थांबवा. कोणाला चक्कर आली तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा, बाकी सगळं नंतर.

तुमच्याकडे आणखी एक अडचण आहे. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. शेवटच्या मजल्यावर टाकी जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे ०.३ बार. इतक्या दाबावर बरेच गॅस गिझर पेटतच नाहीत, किंवा पेटतात आणि विझतात.

तेव्हा जुना विजेचा गिझरच नीट करून घ्या. १५ लिटर, दोन किलोवॅट असेल तर पाणी २४ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला १९ मिनिटं लागतात. ते ६० अंशांचं पाणी टाकीतल्या पाण्यात मिसळून ४० अंशांचं केलं तर ३३ लिटरच्या आसपास मिळतं. पहाटे टाकीतलं पाणी २० अंशांवर उतरलं की तेच ३० लिटर, म्हणजे पावणेदोन बादल्या. "गिझर खराब झालाय, पाणी पुरत नाही" ही जानेवारीतली तक्रार बहुधा या गणिताची असते. लहान मुलासाठी बादलीत आधी गार पाणी, मग गरम, उलट नको.

दोन किलोवॅटला पावणेनऊ अँपिअर लागतात. त्यामुळे सॉकेट १६ अँपिअरचं, तार किमान अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची, स्वतंत्र एमसीबी १६ अँपिअरचा. प्लग काढून बघा. एखादी पिन काळी पडली असेल किंवा वापरल्यावर प्लग हाताला गरम लागत असेल तर आत स्क्रू सैल आहे. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, एकच बदलल्याने भागत नाही.

३२ वर्षांच्या वायरिंगला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या, आणि घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. बसवल्याबरोबर तो आपोआप बंद पडायला लागला तर बहुतेक वेळा दोष आरसीसीबीचा नसतो. जुन्या घरात दोन सर्किटचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र जोडलेले असतात, त्यामुळे गेलेला आणि परत आलेला करंट जुळत नाही. वायरमन अशा वेळी आरसीसीबी बायपास करून देतो. ते करू देऊ नका, न्यूट्रल वेगळे करायला लावा. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबा.

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्वमधून पाणी तापताना दोन-चार थेंब पडतात, ते पडू द्या. तिथे प्लग ठोकणं म्हणजे टाकी फुटायला वाट करून देणं. आतला मॅग्नेशियमचा रॉड दोन वर्षांतून एकदा बघा. पालिकेचं तलावांचं पाणी मऊ असतं, क्षार हळू साचतात. सोसायटी टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर वर्षातून एकदा. टाकीची सफाई झाल्यावर नळातून पाण्याची धार येईपर्यंत गिझर लावू नका, कोरडा कॉइल जळतो.

दिवाळीचा आकाशकंदील आणि माळा तुळशीच्या लग्नापर्यंत, कधी त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ग्रिलवर असतात. नेमक्या त्याच दिवसांत अवकाळी येतो. माळेचा सांधा टेपने गुंडाळून लोखंडी ग्रिलवर टेकवलेला असेल तर भिजल्यावर अख्ख्या ग्रिलमध्ये वीज उतरते. सांधा आणि प्लग घराच्या आत ठेवा, आणि पाऊस दिसला की स्विच बंद करून मगच ग्रिलला हात लावा.

---

खालची_हवा

खिडक्यांचं उत्तर घड्याळ बघून द्यावं लागेल. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, वर उबदार थर बसतो. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, कचरा जाळल्याचा धूर या खालच्या थरात अडकून राहतो. समुद्रावरून येणारा वारा सुरू झाला की तो थर मोडतो. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून असतो आणि समुद्राचा वारा दुपारी उशिरा सुरू होतो, कधी अगदी मंद. म्हणून "सकाळची ताजी हवा" इथे या ऋतूत खरी नाही. साधारण सकाळी अकरापर्यंत खिडक्या बंद, दुपारी एक ते चार पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या दोन्ही उघडून आरपार हवा, संध्याकाळी सातला पुन्हा बंद. जवळ बांधकाम चालू असेल तर त्या बाजूची खिडकी कामगारांच्या सुट्टीतच उघडा.

धुळीचे दिवस वेगळे. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पावसा-वाऱ्याची प्रणाली) उत्तर भारतावरून पुढे सरकतो तेव्हा मागोमाग उत्तरेचे जोरदार वारे येतात आणि कधी सिंध-राजस्थानची धूळ इथवर आणतात. २३ जानेवारी २०२२ ला मुंबईवर असाच पिवळसर पडदा होता. अशा दिवशी दुपारीही बंद. खिडकीच्या फटीवर ओला कपडा लावणं उपयोगी पडतं, पण बाथरूमचा एक्झॉस्ट चालू ठेवलात तर सगळी मेहनत वाया जाते. तो आतली हवा ओढून बाहेर टाकतो आणि तेवढीच हवा फटींतून धुळीसकट आत येते.

केरसुणीने झाडणं बंद करा, थेट ओलं पुसणं. कोरड्या झाडण्याने खाली बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीवर येते. पडदे आणि पंख्याची पाती पंधरा दिवसांनी. बेडरूममध्ये अगरबत्ती आणि डासांची कॉइल नको, मच्छरदाणी लावा. गोधड्या आणि रजया माळ्यावरून काढल्यावर दोन दिवस कडक उन्हात घालून, झटकून मगच सासूबाईंना द्या. वर्षभर बांधून ठेवलेल्या रजईतली धूळ बाहेरच्या हवेपेक्षा जास्त त्रास देते. इनहेलर आणि औषधं डॉक्टरांना नोव्हेंबरातच विचारून घ्या.

एअर प्युरिफायर घेणार असाल तर एकाच खोलीसाठी, सासूबाई झोपतात तिथे. १२० चौरस फूट खोली, साडेनऊ फूट उंची, म्हणजे साधारण ३२ घनमीटर हवा. तासाला पाच वेळा गाळायची तर १६० घनमीटर दर तास लागतात. खोक्यावर सीएडीआर (यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं) म्हणून आकडा असतो, तो यापेक्षा जास्त हवा, कारण रात्री आवाजामुळे यंत्र हळू चालवलं जातं आणि तेव्हा गाळणं निम्म्यावर येतं. फिल्टर एच-१३ हेपा (अगदी बारीक कण धरणारा), आणि घेण्याआधी बदली फिल्टरची किंमत विचारा. एसी नुसता पंख्यावर चालवल्याने बारीक कण जात नाहीत, त्याची जाळी फक्त मोठी धूळ धरते. तीसुद्धा दोन आठवड्यांनी धुवायला हवी.

ह्युमिडिफायरची गरज नाही. दुपारी हवा कोरडी होते, पण रात्री आर्द्रता पुन्हा वर चढते. पूर्वेच्या खोलीत आधीच ओल आहे, त्यात वाफ सोडलीत तर बुरशी येईल आणि दम्याला बुरशी धुळीपेक्षा वाईट.

गारठ्याचं म्हणाल तर सांताक्रूझ वेधशाळेत आजवरचं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश आहे, २२ जानेवारी १९६२ चं. तशी रात्र रोज येत नाही, पण उद्यानालगत पहाट शहरापेक्षा गार असते हे खरं. शेवटच्या मजल्याची स्लॅब निरभ्र रात्री उष्णता आकाशात सोडते, म्हणून खोली पहाटे जास्त गार आणि दुपारी जास्त गरम. पलंग बाहेरच्या भिंतीपासून अर्धा फूट सरकवा, खाली सतरंजी घाला. मुंबईत रूम हीटरचा खर्च करण्याइतके दिवस मिळत नाहीत. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको, कारण वर गॅस गिझरचं सांगितलंय तेच.

---

गच्चीखाली

सगळ्यांचे मनापासून आभार. गॅस गिझरचा विषय बंद केला. ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओतून पाहिलं, पूर्वेच्या खिडकीचं पाणी साचून राहतंय आणि गोटीही आत येतेय. पाटेचा उतार बदलायला चौकट काढावी लागेल का? आणि ग्रिलमध्ये बारा-बारा इंचांच्या आठ कुंड्या आहेत, त्यांचं काय करू?

---

सांधा

चौकट काढायची गरज नाही. बाहेरच्या बाजूला पाटेवर पॉलिमर मसाल्याचा उतार देता येतो : चौकटीलगत १५ मिलिमीटर, बाहेरच्या कडेला ५. ट्रॅकच्या भोकांच्या खालीच थांबायचं, वर चढायचं नाही. आधी पाट तारेच्या ब्रशने घासून खरबरीत करा, पाणी मारा, सिमेंट आणि लॅटेक्सचा पातळ हात द्या आणि तो ओला असतानाच मसाला. सुकल्यावर चौकटीच्या कडेने सीलंटची रेषा. पाट दगडी असेल आणि बाहेर दोन इंच तरी डोकावत नसेल तर खालच्या कडेला ॲल्युमिनियमचा कोन लावा, म्हणजे पाणी भिंतीवर न उतरता सुटून पडेल. काम दोरावर टांगून करणाऱ्यांकडूनच घ्या, ग्रिलवर पाय ठेवून कोणालाही करू देऊ नका.

---

पूर्वेचा_वारा

कुंड्यांचं वजन मोजा. बारा इंची कुंडीत साधारण २० लिटर माती बसते. लाल माती भिजली की कुंडी ३० किलोच्या वर जाते, म्हणजे आठ कुंड्यांचे अडीचशे किलो. बॉक्स ग्रिल भिंतीत चार-सहा बोल्टवर टांगलेलं असतं आणि बोल्टाभोवती गंजाचे तांबडे ओघळ असतील तर त्यावर विसंबू नका. कुंड्या आत घ्या किंवा निम्म्या कोकोपीटच्या मिश्रणात लहान कुंड्यांत हलवा. ज्या ग्रिलमध्ये राहतील त्या मागच्या बाजूला, भिंतीलगत, आणि तारेने ग्रिलला बांधून. इशारा आला की सगळ्या हॉलच्या फरशीवर. कुंड्यांखालच्या बश्या पाऊस झाल्यावर लगेच ओता, नाहीतर पाणी आठ-दहा दिवस राहिलं की डासाची एक पिढी तयार होते.

कबुतरांची जाळी पूर्वेला सैल असेल तर ताणून घ्या. सैल जाळी वाऱ्यात ग्रिलचे हुक उपटते. डिशचा स्टँड आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकणही त्याच दिवशी बघून घ्या. झाकण तारेने टाकीच्या कडीला बांधलेलं हवं. इशाऱ्यासाठी हवामान खात्याच्या मुंबई केंद्राचा तीन तासांचा अंदाज पुरेसा असतो, दिवसभराच्या अंदाजापेक्षा तो जास्त कामाचा. झाड किंवा फांदी पडली, पाणी तुंबलं तर महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६.